हृदयाला कॅन्सर होतो? आणि झाला तर पुढे काय?

खरवस
फुप्फुसाचा, तोंडाचा, गर्भाशयाचा, रक्ताचा... घराघरांत कुणाला ना कुणाला झालेला असतो. हृदयाचा कॅन्सर मात्र मी चाळिशी उलटेपर्यंत ऐकला नव्हता. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मेव्हण्याला झालाय. पस्तिशीचा, निर्व्यसनी, रोज टेकडी चढणारा गडी. दम लागायला लागला, पाय सुजले, टू-डी एको केला तर हृदयाभोवती पाणी आणि उजव्या वरच्या कप्प्यात गाठ. बायॉप्सीचा रिपोर्ट: अँजिओसार्कोमा.

प्रश्न दोन. हा इतका विरळा का? आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा: एक सर्जन म्हणतात लगेच उघडून काढू, दुसरीकडचे म्हणतात आधी किमो, मग बघू. घरचे पार गोंधळलेत. 'नेटवर बघून सांग' ही कामगिरी माझ्याकडे आलीय, आणि नेटवर जे दिसतंय ते त्यांना वाचून दाखवायची माझी छाती नाही. कुणी यातून गेलंय का? हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावं इथे नकोत.

पोपटपंची
प्रेमभंगाने होत असता तर आमची अख्खी इंजिनिअरिंगची बॅच दगावली असती.

तिरफळ
@पोपटपंची, नुसतं शीर्षक वाचून प्रतिसाद ठोकायची सवय कधी जाणार?

सुरंगी
खरवस, धीर धरा. माझ्या मावशीच्या हृदयात लिंबापेक्षा मोठी गाठ होती, डाव्या वरच्या कप्प्यात. डाव्या कुशीवर वळली की तिला धाप लागायची, उठून बसलं की बरं वाटायचं. सगळे म्हणाले गॅस. ऑपरेशन करून काढली, आठवड्याभरात घरी आली. आता गणपतीत पन्नास मोदक एकटी वळते. तेव्हा घाबरून जाऊ नका असं सांगा त्यांना.

मायक्रोस्कोप
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुरंगी, तुमच्या मावशीचा तो मिक्सोमा असणार. प्रौढांमध्ये हृदयातच उगम पावणाऱ्या गाठींत सगळ्यांत जास्त आढळतो तो हाच. कॅन्सर नव्हे. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लटकतो आणि ठोक्यागणिक घंटेच्या लोलकासारखा झडपेपर्यंत येऊन परत जातो. म्हणूनच कूस बदलली की त्रास बदलतो. त्याचा धोका वेगळा: तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. पण वेळेत काढला की माणूस बहुधा बरा होतो. स्टॉकहोमच्या क्राफोर्ड यांनी १९५४ मध्ये हार्ट-लंग मशीन लावून पहिल्यांदा असा मिक्सोमा यशस्वीपणे काढला.

खरवस यांनी लिहिलंय ते प्रकरण वेगळं आहे. शवविच्छेदनांच्या नोंदींवरून हृदयात मूळ धरणाऱ्या सगळ्या गाठी मिळून दहा हजारांत दोनच्या आसपास सापडतात. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश साध्या. उरलेल्या घातक, आणि त्यांत बहुतेक सार्कोमा, म्हणजे स्नायू, रक्तवाहिन्या अशा ऊतींत उगवणारे कॅन्सर. प्रौढांत अँजिओसार्कोमा पहिला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून तो होतो, आवडती जागा उजवा वरचा कप्पा. तिथून बाहेरच्या आवरणात शिरतो, आवरणात रक्त साठतं. निदान होतं तेव्हा अनेकांच्या फुप्फुसात तो पोचलेला असतो. त्यामुळे मावशीचं उदाहरण देऊन या कुटुंबाला धीर देणं मला बरोबर वाटत नाही. नंतर तोच धीर त्यांना टोचेल.

दुसरीकडून हृदयात आलेला कॅन्सर मात्र इतका दुर्मिळ नाही, मूळच्यापेक्षा निदान वीसपट तरी जास्त. फुप्फुस, स्तन, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), त्वचेचा मेलानोमा. मूत्रपिंडाचा कॅन्सर तर शिरेतून वर सरकत सरकत थेट उजव्या कप्प्यात डोकं काढतो.

सुरंगी
माझा हेतू चांगला होता हो. पण मुद्दा पटला.

निवडुंग
किस या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर एरिक कार याच आजाराने गेला. १९९१ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, २४ नोव्हेंबरला गेला, ४१ वर्षांचा होता. त्याच दिवशी फ्रेडी मर्क्युरी गेला, त्यामुळे एरिकची बातमी आतल्या पानांत गेली. कॉलेजात आम्ही दोघांचेही पंखे होतो, म्हणून लक्षात आहे.

दूरदेशी
'इतका विरळा का' यावर. हृदयाच्या स्नायूपेशी जन्मानंतर जवळजवळ विभागतच नाहीत. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात, चुका साठल्या की कॅन्सर. नक्कलच होत नसेल तर चुकायला जागा कुठली?

हे मोजलं कसं तेही मजेशीर आहे. १९६३ चा चाचणीबंदी करार होईपर्यंत अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत व्हायच्या. त्यामुळे वातावरणातला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, एकदम वाढला आणि पुढे हळूहळू उतरत गेला. पेशी ज्या साली बनली त्या सालचं प्रमाण तिच्या डीएनएत कायमचं नोंदलं जातं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने त्यावरून २००९ मध्ये हिशोब मांडला: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे आपण जन्मताना आणलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पेशी शेवटपर्यंत त्याच.

पोपटपंची
आता गंभीर प्रश्न. मेंदूतल्या पेशीही वाढत नाहीत म्हणतात. मग ब्रेन ट्यूमर कसे होतात?

मायक्रोस्कोप
चांगला प्रश्न. मेंदूचे ट्यूमर बहुतेक करून चेतापेशींचे नसतातच, त्यांना आधार देणाऱ्या ग्लियल पेशींचे किंवा आवरणाचे असतात, आणि त्या विभागतात. हृदयातही तेच. अँजिओसार्कोमा स्नायूचा नाही, अस्तराचा. दूरदेशी यांचं उत्तर म्हणूनच अर्धंच आहे. स्नायू का वाचतो ते कळतं. पण अस्तराच्या पेशी तर अंगभर आहेत आणि अँजिओसार्कोमा अंगात कुठेही विरळाच. हृदयात झाला की त्याने उजवाच कप्पा का धरावा, याला समाधानकारक उत्तर नाही.

ढोरडॉक्टर
अवांतर, पण रोजच्या कामातलं आहे म्हणून. माणसात विरळा असलेला हा आजार कुत्र्यांत आम्हाला बऱ्यापैकी दिसतो. हिमँजिओसार्कोमा म्हणतो आम्ही. गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्डमध्ये जास्त. प्लीहेत होतो, आणि हृदयात झाला तर जागा तीच, उजवा वरचा कप्पा. सकाळी चेंडूमागे धावलेला कुत्रा संध्याकाळी कोसळतो, कारण गाठ फुटून आवरणात रक्तस्राव होतो.

लालपरी
हा धागा उघडू की नको असं झालं होतं. माझा धाकटा भाऊ यात गेला. लिहिते, कारण त्या मुलाच्या घरच्यांना उपयोग होईल.

त्यालाही दम आणि पाण्यापासूनच सुरुवात. बरगडीखालून नळी घालून पिशवी लावली होती. पाणी कसलं, जांभळट रक्तच ते. सिस्टर पाळी बदलताना पिशवीवर मार्करने रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. दोन रेघांतलं अंतर कमी झालं की आम्ही खूश. तपासणीत एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) काठावर आलं, 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' असं दोनदा आलं. मग टीबीची औषधं सुरू केली. गोळ्यांनी लघवी केशरी होते, आई म्हणायची, बघ, औषध लागू पडलं. वजन उतरत गेलं, पाणी पुन्हा भरलं. तरी सगळे म्हणत, टीबीला वेळ लागतो. एमआरआय झाला तोवर फुप्फुसात ठिपके होते.

त्या डॉक्टरांचा राग अजून गेलेला नाही माझा.

मायक्रोस्कोप
लालपरी, राग समजू शकतो. तरीही लिहितो. आपल्याकडे हृदयाच्या आवरणात पाणी होण्याचं मोठं कारण टीबीच आहे, आणि टीबीचं पाणीसुद्धा रक्तमिश्रित येतं. अँजिओसार्कोमाच्या पेशी त्या पाण्यात सुटून येतीलच असं नाही, त्यामुळे तपासणी खोटा दिलासा देते. आधी टीबीचा संशय घेणं हा गुन्हा नाही.

लालपरी
संशय घेतला म्हणून राग नाही हो. गोळ्या चालू असताना पाणी परत भरलं, तेव्हाही दुसरा विचार केला नाही, याचा आहे. 'तुम्ही गोळ्या चुकवत असाल' असं आम्हालाच ऐकवलं. आई रोज समोर उभी राहून द्यायची.

मायक्रोस्कोप
याला माझ्याकडे उत्तर नाही. पाणी पुन्हा भरलं की एमआरआय किंवा निदान सीटी व्हायलाच हवं होतं. जमलं तर आवरणाचा तुकडा काढून तपासणी. एकोत उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत नेहमी नीट दिसत नाही.

वाडीचा_विन्या
आमच्या भागात एक वैद्य आहेत, गाठ कुठलीही असो, त्यांच्या काढ्याने

संपादक
वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि फोन नंबर काढला आहे. उपचारांचे दावे इथे चालणार नाहीत.

पोपटपंची
विन्याभाऊ, वाक्य संपायच्या आत गाठ विरघळली बघा.

उंबरठा
उशिरा आलो. मी हृदयाच्या ऑपरेशनांत हार्ट-लंग मशीन चालवतो. मिक्सोमा पुष्कळ पाहिले. देठासकट काढतात, पडद्याला टाके किंवा पॅच, बाकीच्या मानाने दिवस हलका जातो. सार्कोमा क्वचित, आणि तो दिवस कुणीच विसरत नाही.

उजव्या कप्प्यातला सार्कोमा काढायचा म्हणजे भिंतच कापायची. गाठीभोवतीची चांगली भिंतही थोडी घ्यायची, नाहीतर कडेला पेशी उरतात. मग तिथे गाईच्या हृदयावरणाचा पॅच शिवतात. वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधल्या खाचेतून उजवी कोरोनरी धमनी जाते. गाठीने तिला वेढलं असेल तर तीही तोडून पायाच्या शिरेने बायपास. उजव्या दोन कप्प्यांमधली ट्रायकस्पिड झडप गेली तर नवी झडप. हे सगळं करून पॅथॉलॉजीवाले 'कडेला पेशी आहेत' असं म्हणाले की ओटीत शांतता.

डावीकडच्या सार्कोमात तर मागच्या बाजूपर्यंत नीट पोचताच येत नाही. त्यासाठी हृदय बाहेर काढून, बर्फाच्या ताटात गाठ कापून, तेच हृदय परत बसवतात. टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये डेन्टन कूली यांनी १९८५ मध्ये तसा प्रयत्न केला, तो रुग्ण वाचला नाही. तिथेच मायकेल रिअर्डन यांनी १९९८ मध्ये डाव्या कप्प्यातल्या सार्कोमासाठी ते यशस्वी करून दाखवलं. फार थोड्या ठिकाणी होतं हे.

निवडुंग
मग सरळ दुसरं हृदयच का नाही बसवत? ट्रान्सप्लांट?

उंबरठा
ट्रान्सप्लांटनंतर आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं द्यावी लागतात. एखादी जरी पेशी फुप्फुसात लपली असेल तर तिला रान मोकळं. शिवाय दाता मिळेपर्यंत हा आजार थांबत नाही. अगदी निवडक रुग्णांत केलंय, पण नेहमीचा रस्ता नाही.

अवांतर: देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण परळच्या केईएमला झालं, डॉ. प्रफुल्लकुमार सेन, १६ फेब्रुवारी १९६८. केपटाउनच्या बर्नार्डने जगातलं पहिलं केल्यानंतर अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. त्या मानाने त्याची आठवण आपल्याकडे फारच कमी निघते.

तिरफळ
छान माहिती, पण खरवस यांचा दुसरा प्रश्न तसाच लोंबकळतोय. आधी किमो की आधी ऑपरेशन?

मायक्रोस्कोप
ते ठरवणं माझं काम नाही, पण विचार कसा करतात तेवढं सांगतो. आजार इतका विरळा आहे की हजारो रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास शक्यच नाही. आहेत ते एकेका केंद्राचे अनुभव. ह्यूस्टनच्याच गटाने उजवीकडच्या सार्कोमात आधी किमो दिलेले आणि थेट ऑपरेशन केलेले रुग्ण ताडून पाहिले, तेव्हा आधी किमो दिलेल्यांत गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण जास्त होतं आणि ते जगलेही जास्त. शिवाय किमोच्या काळात फुप्फुसात नवे ठिपके उगवले तर मोठं ऑपरेशन व्यर्थ जाणार होतं हे आधीच कळतं. पण गाठीने रक्ताचा रस्ताच अडवला असेल तर थांबायला वेळ नसतो. तेव्हा दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यांना एका टेबलावर आणणं महत्त्वाचं.

यात अजून एक गोची आहे. सार्कोमाचं मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूंपासून त्याची कहाणी सुरू झाली. ते हृदयाच्या स्नायूलाच इजा करतं, म्हणून आयुष्यभराचा डोस मोजून द्यावा लागतो आणि मधे मधे एको करावा लागतो. इथे आजारही हृदयात. म्हणून काही ठिकाणी पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं दुसरं औषध वापरतात.

दूरदेशी
मी असतो तर सगळं केलं असतं. किमो, ऑपरेशन, परदेशातल्या नव्या औषधांच्या चाचण्या, जे असेल ते. पस्तिशीचा मुलगा आहे. 'फार काही होणार नाही' म्हणून बसून राहणं मला तरी जमलं नसतं.

लालपरी
दूरदेशी, आम्हीही असंच म्हणत होतो. सगळं केलं. शेवटचे महिने वॉर्ड आणि डे-केअरमध्ये गेले. त्याला एकदा देवगडला घरी जायचं होतं, हापूसचा मोसम चालू होता. आम्ही म्हणायचो, किमोची पुढची सायकल झाली की जाऊ. पुढच्या सायकलला रक्तातल्या पेशी घसरलेल्या, मग ताप, मग परत ॲडमिट. उपचार करू नका असं मी म्हणत नाही. पण त्याला कुणी विचारलंच नाही. आजाराचं नावसुद्धा आम्ही त्याच्यापासून लपवलं होतं.

दूरदेशी
हे वाचून गप्प बसावंसं वाटतंय, पण एक म्हणतो. विचारलं असतं आणि तो 'सगळं करा' म्हणाला असता तर?

लालपरी
तर केलं असतं. आणि मला आज रात्री झोप लागली असती.

सुरंगी
पेशंटला सांगावं की नाही यावर आमच्या घरी दोन तट आहेत. माझ्या सासऱ्यांना नाव कळलं आणि त्यांनी अन्न सोडलं. सगळ्यांनाच ते पेलतं असं नाही.

तिरफळ
सासरे कितीचे होते? इथे पस्तिशीचा शिकलेला मुलगा आहे, फोन हातात आहे. रिपोर्टवरचं नाव त्याने केव्हाच शोधलं असणार. घरचे लपवतात, तोही कळल्याचं लपवतो, आणि एकाच खोलीत सगळे हवापाण्याच्या गप्पा मारतात.

पोपटपंची
+१. माझ्या बाबांचं तसंच झालं. आम्ही फाइल कपाटात दडवायचो आणि ते आम्ही झोपल्यावर काढून वाचायचे.

खरवस
सगळ्यांचे आभार. सहकाऱ्याला धाग्याची लिंक दिली नाही, पण मुद्दे सांगितले. मेव्हण्याला खरंच सगळं माहीत होतं. त्यानेच बायकोला सांगितलं की आधी किमोवाल्या डॉक्टरांकडे जाऊ, पण गाठीचं निदान दुसऱ्या ठिकाणाहून पक्कं करून मगच. त्यासाठी टाटाला जायचं ठरतंय. काय काय न्यावं लागेल?

लालपरी
रिपोर्टचा कागद पुरत नाही. ज्या लॅबमध्ये बायॉप्सी झाली तिथे लेखी अर्ज करून मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्यात जपतात तो) आणि स्लाइड दोन्ही मागा. 'ब्लॉक देत नाही' म्हणाले तर लेखी द्या म्हणा, मग देतात. एको, सीटी, एमआरआय, पेट यांच्या सीड्या; नुसते फोटो नकोत. सगळ्याच्या झेरॉक्सचा एक संच घरी. आधार, रेशनकार्ड बरोबर असू द्या, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर लागतं. राहायचा प्रश्न असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, पण गर्दी असते, आधी चौकशी करा. सकाळी लवकर पोचा, आणि रांगेत पेशंटला उभं करू नका, एकाने फाइल घेऊन उभं राहायचं.

मायक्रोस्कोप
ब्लॉकचं अगदी बरोबर. सीडी३१, ईआरजी वगैरे रंग लावून पेशी खरंच रक्तवाहिनीच्या अस्तराच्या आहेत का ते तपासतील. आणि हे नुसतं सोपस्काराचं काम नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्यात लिम्फोमाही होतो, एकोत दोन्ही सारखेच दिसू शकतात, आणि लिम्फोमा असेल तर बहुधा मोठ्या ऑपरेशनची गरजच नसते, औषधाने वितळतो. इथे बायॉप्सी झालीय म्हणजे शक्यता कमी, पण दुसरी नजर फिरलेली बरी.

खरवस
एक राहिलं. त्याला लहान मुलगी आहे. घराण्यात येतो का हा?

मायक्रोस्कोप
बहुतांश वेळा नाही. पीओटी१ नावाच्या जनुकात दोष असलेली काही कुटुंबं आढळली आहेत, त्यांच्यात हृदयाचा अँजिओसार्कोमा एकाहून अधिक जणांना झाला. त्याच्या आईवडिलांच्या, काका-मामांच्या बाजूने तरुण वयात सार्कोमा किंवा इतर कॅन्सर झालेले असतील तर जेनेटिक काउन्सेलरकडे जावं. नसतील तर मुलीमागे तपासण्यांचा ससेमिरा लावू नका.

खरवस
एक चुलत आत्या तरुणपणी गेली होती, कशाने ते कुणाला धड माहीत नाही. विचारायला सांगतो.

घाटपांडी
@ढोरडॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून हबकलो. आमचा शेरू जर्मन शेफर्ड आहे, नऊ वर्षांचा. दरवर्षी एको करायचा का?

ढोरडॉक्टर
धागा माणसांचा आहे, बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एवढं इथेच सांगतो: आत्तापासून हिरड्यांचा रंग बघायची सवय ठेवा. एकाएकी मलूल झाला आणि हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका, लगेच उचलून आणा. दरवर्षीच्या तपासणीला सोनोग्राफी करून घ्या, त्यात प्लीहाही दिसते.